काडेपेटीतली हजेरी

१२ सप्टेंबर १९५५

आज रुजू झालो. धक्क्यावर छान ऊन होतं, वारा मात्र बोचरा. राहायला एका विधवा बाईंच्या लाकडी घरात खोली मिळाली आहे. शेगडी चांगली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. झोया आमच्या बाळाला घेऊन नोव्हेंबरात येईल, तोवर पाळण्याची सोय करायची.

पाणबुडी माझ्या अंदाजापेक्षा लहान निघाली. लेनिनग्राडला तीन वर्षं ज्या इंजिनाची नुसती चित्रं काढली, त्याच्यावर आज प्रत्यक्ष हात ठेवला. कप्तान शेर्बिनिन मोजकं बोलतात. त्यांनी हात मिळवला आणि जेवलास का, एवढंच विचारलं. कोबीचं सूप आणि काळा पाव. दोनदा वाढून घेतलं.

१५ सप्टेंबर

आमचं डिझेल इंजिन पाण्याखालीही चालतं. त्याला बाहेरची हवा लागत नाही. स्वतःचाच धूर चुन्याच्या डब्यांतून गाळायचा, टाकीतला प्राणवायू त्यात सोडायचा आणि तोच पुन्हा ओढायचा. इंजिनाची खोली त्या विषारी वायूने भरलेली असते, म्हणून तिथे माणूस ठेवत नाहीत. पोलादी भिंतीच्या अलीकडे बसून जाड काचेतून पाहायचं आणि दांडे ओढायचे. काचेतून इंजिनाचा वरचा भागच तेवढा दिसतो.

इंजिन चालू असताना दार उघडायचं नाही, हा इथला पहिला नियम. एक ठिणगी पडली तरी सगळी बोट पेटेल. खलाशी तिला काडेपेटी म्हणतात. दार लावण्याआधी हजेरी होते. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ओरडायचं. हजेरी मी घेतो आणि दार लुकिच लावतो. लुकिच हा सगळ्यात जुना यंत्री. माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, पण मला तुम्ही म्हणतो.

२१ सप्टेंबर

पहिली बुडी. इंजिन खाली गेल्यावरही तसंच गुरगुरत राहिलं. माझे डोळे भरून आले. लुकिचने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

२८ सप्टेंबर

बोटीत सगळीकडे ओल आणि गारठा. ऊब फक्त इंजिनाच्या खोलीत. बुडीच्या आधी रोदिओन तिथे चुन्याच्या डब्यांमागे झोपलेला सापडला. हा आमचा इंजिनावरचा खलाशी, चाळिशीचा, नकलाकार. मी दरडावलं तर म्हणाला, "कॉम्रेड लेफ्टनंट, बायकोच्या कुशीपेक्षा इथे ऊब जास्त, आणि कुरकुर कमी." सगळे हसले. मीही हसलो.

४ ऑक्टोबर

आज मॉस्कोहून तपासणी समिती बोटीवर आली होती. हजेरी घेतली, सगळ्यांनी ओ दिली. दार लागलं, आम्ही खाली गेलो.

थोड्या वेळाने दार वाजलं. आतून.

लुकिच माझ्याकडे पाहत राहिला. कप्तानांनी विचारलं, हजेरी पुरी होती का? मी म्हणालो, पुरी होती. इंजिन चालूच ठेवलं. समितीतल्या एकाने नवीन इंजिनं असे आवाज करतात का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, करतात.

ठोके हळू झाले, मग थांबले. काचेवर आतून वाफ धरली होती. तिच्यात खालच्या कडेला चार बोटं उमटलेली.

वर आल्यावर दार उघडेना. आतून काहीतरी टेकलं होतं. लुकिचने पहार घालून ते रेटलं. रोदिओन दाराला पाठ लावून बसला होता. गाल लालबुंद, शेतावरून आलेल्या माणसासारखे.

हजेरीला त्याच्या नावावर फादेईने ओ दिली होती. त्याचा दोस्त. समितीसमोर बोलणी बसू नयेत म्हणून. असं सगळेच एकमेकांसाठी करतात, असं लुकिचने सांगितलं.

७ ऑक्टोबर

रोदिओन धक्क्यावरून पाय घसरून पडला, असं ठरलं आहे. त्याची बायको आली आणि त्याचे बूट घेऊन गेली. मला तिचं तोंड आठवत नाही.

डॉक्टरांकडून कळलं की या वायूत त्रास होत नाही. आधी डोकं जड होतं, मग माणसाची काळजी जाते, मग माणूस. ऐकून मी जेवायला गेलो. खारा मासा होता.

९ ऑक्टोबर

पहारीने दाराच्या रबराची कड फाटली आहे. नवीन रबर लेनिनग्राडहून यायला महिना लागेल. समितीला लांब पल्ल्याची चाचणी याच आठवड्यात हवी आहे. लुकिचने ठिगळ लावलं. मी तपासलं आणि चालेल म्हणून सही केली. तेव्हा मला खरंच तसं वाटलं. काहीच वाटत नव्हतं, असंही असेल.

११ ऑक्टोबर

खाली आहोत. या वेळी मी ओरडून हजेरी घेतली नाही. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत फिरलो. सगळे भिंतीच्या अलीकडे आहेत. पलीकडे कोणी नाही. याबद्दल शंका नाही.

दार लावलं.

दार वाजलं.

सगळ्यांनी ऐकलं. कप्तान म्हणाले, "सगळे इकडे आहेत. इंजिन चालू राहू दे."

१२ ऑक्टोबर

ठोके थांबत नाहीत. पण सवय झाली. थोडं डोकं दुखतंय. लुकिच सकाळपासून गुणगुणतोय. फादेई आज हसला, पहिल्यांदाच. आचाऱ्याची लापशी करपली. वास आला, उठलं कोणी नाही—

नेहमीसारखी हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं. मी वही मिटत होतो, तेवढ्यात दारापलीकडून रोदिओनचा आवाज आला. "हजर."

भीती वाटायला हवी होती.

१२ किंवा १३

आचारी झोपला. फादेई झोपला. कप्तान खुर्चीत, हनुवटी छातीवर. हाक मारली, नाहीत उठले.

लुकिच माझ्या पायाशी. गाल लाल. किती छान लाल—

ते ठिगळ. कडेचं सुटलंय. वायू आमच्या बाजूला येतोय, केव्हापासून कोण जाणे. आता कळलं. काही वाटलं नाही.

इंजिन बंद करायचा दांडा तो तिथे. लुकिचच्या पलीकडे. तो ओढायचा, मग वरच्या झडपेचा. बोट वर जाईल. झाकण उघडायचं. सगळे वाचतील. झोया नोव्हेंबरात—

आता जोरात वाजवतोय. दोन्ही हातांनी. मला वाटत होतं त्याला बाहेर यायचंय. त्याला बाहेर यायचं नाहीये. तो आम्हाला उठवतोय.

हो रे. ऐकलं.

उठतो. एवढी ओळ पुरी करतो आणि