चिकटपट्टीखालचा किडा

मंगळवार, ता. ११

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी पोचलं. मी बरा आहे, तुम्हीही बऱ्या असाल. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

आधी तुमचा किडा. आवराआवरीत ट्रंकेत सापडलेला तो चिकटपट्टीखाली दाबून पाठवलात, ते फार बरं केलंत. नाहीतर लोक मला नुसतं वर्णन ऐकवतात आणि बोलता बोलता त्यांचा किडा अंगठ्याएवढा होतो. वहिनी, हा ढेकूण नव्हे. गाद्या उन्हात टाकल्यात, शेजारणीने आणले म्हणून तिच्याशी अबोला धरलात, सगळं फुकट गेलं. ढेकूण चपटा असतो, त्याला पंख नसतात. हा गोल आहे, पाठीवर पांढरे-तपकिरी ठिपके आहेत आणि भिंगाखाली पंख स्पष्ट दिसतात. हा लोकरीचा भुंगेरा. माणसाला चावत नाही, त्याच्या अळ्या लोकर आणि केस खाऊन जगतात. ट्रंक झाडून घ्या, झालं. आणि निघायच्या आधी शेजारणीशी बोला.

डेपोत बारा वर्षं हेच करतोय. बसमध्ये काही वळवळलं की मला बोलावतात. तपकिरी दिसेल तो ढेकूण आणि लांब पायांचा दिसेल तो डास, असा इथे सगळ्यांचा ठाम समज आहे. एक बाई तिकिटाच्या कागदात चहाची पत्ती गुंडाळून घेऊन आल्या होत्या आणि ती हलते म्हणत होत्या. मी नाही म्हटलं, तर मला डेपोने पढवलंय असं त्यांचं मत पडलं.

आणि ढेकूण आणतं कोण, यावर तर सगळ्यांचं एकमत. बसमध्ये झोपणारे. आमची नऊ नंबर शहराला वळसा घालते. दिवसाचा पास काढला की कितीही फेऱ्या बसून राहता येतं, म्हणून घर नसलेली चार-सहा माणसं तिच्यात कायम असतात. कंडक्टर म्हणतो, "थंडीत जातील कुठे बिचारी, पण माझ्या गाडीत नकोत." प्रवासी त्यांच्या शेजारची सीट रिकामी सोडतात आणि उभं राहावं लागलं म्हणून त्यांच्यावरच चिडतात. मीही काही वेगळा नाही.

तुम्ही विचारलंत, दादाचं अक्षर इतकं वाकडं का झालंय, हात कापतो का. नाही कापत. तो चालत्या बसमध्ये लिहीत होता.

वहिनी, आता खाली बसून वाचा. दादा माझ्याकडे राहत नव्हता. राहिला तो फक्त बावीस दिवस. रोज काम शोधायला जायचा, हात हलवत परत यायचा, आणि माझ्या एवढ्याशा खोलीत आम्ही एकमेकांच्या पायात यायचो. एका रविवारी मी रागाने म्हणालो, "दादा, तू दुसरीकडे सोय बघ." त्याने भांडणसुद्धा केलं नाही. पिशवी भरली आणि गेला.

दोन महिन्यांनी मी नऊ नंबरमध्ये तपासणीला चढलो, तर मागच्या सीटवर दादा. माझ्याबरोबर कंडक्टर होता. दादाने माझ्या गणवेशाकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. ओळख दाखवायची नाही, असं त्याने माझ्यासाठी ठरवून टाकलं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग तसंच चालू राहिलं. तुमची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, ती मी त्याच्या सीटवर ठेवून उतरायचो. उत्तर तो दुसऱ्या दिवशी तिथेच ठेवायचा. एकदा त्यात माझ्यासाठी चिठ्ठी होती, काम मिळाल्याशिवाय तिला तोंड दाखवणार नाही, तोवर सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं. दादा मजेत आहे, वजन वाढलंय, असं तुम्हाला लिहीत राहिलो.

तीन आठवड्यांपूर्वी नऊ नंबरमधून ढेकणांची तक्रार आली. शेवटच्या स्टॉपवर बस थांबवून मला बोलावलं. सीटच्या लोकरी कापडाच्या शिवणीत किडे होते. भिंग लावलं. तुम्ही पाठवलात तोच भुंगेरा. तो सीटमध्येच वाढलेला, माणसाने आणलेला नव्हेच. तसं लिहिलं असतं तर सीट झाडून बस पुन्हा सुटली असती. पण चाळीस माणसं मागच्या सीटवरच्या दादाकडे बोट दाखवून ढेकूण ढेकूण करत होती, डेपोचे साहेब घड्याळ बघत होते. कंडक्टरने दादाला विचारलं, "नाव काय तुझं? इथे कोणी नातेवाईक आहे का?"

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर आमचं आडनाव आहे.

दादा म्हणाला, "कोणी नाही." आणि मी कागदावर लिहिलं, ढेकूण.

नियमाप्रमाणे त्याला उतरवलं. यापुढे कुठल्याच बसमध्ये चढायचं नाही म्हणून बजावलं. पिशवी काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून जाळायला पाठवली. तिच्यात तुमची पत्रं होती आणि त्याचा चष्मा. "साहेब, चष्मा तेवढा द्या," दादा म्हणाला. मला साहेब म्हणाला. मी म्हणालो, "आता उघडता येत नाही." येत होतं, वहिनी.

त्यानंतर तो मला दिसलेला नाही. निवारे, दवाखाने, सगळे स्टॉप पालथे घातले. चष्म्याशिवाय त्याला साधी पाटी वाचता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. या आठवड्यात बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी गोठतंय.

तुम्ही लिहिलंय की घर सोडलंत, सामान देऊन टाकलंत आणि रविवारी कायमच्या इकडे येताय. दादाला आधी सांगू नको, त्याला चकित करायचंय. म्हणून हे लिहिणं भाग पडलं. नाहीतर अजूनही मी त्याचं वजन वाढवत बसलो असतो.

काल पोलिसांत गेलो. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "भाऊ समोर उभा होता, मग घरी का नेलं नाहीत?" त्याने उत्तराच्या जागी रेघ मारली आणि पुढचं विचारलं. तुम्ही रेघ मारणार नाही. मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.

तो सापडेल असं लिहावंसं वाटतं, पण तुम्हाला आणखी एक खोटं लिहायची छाती होत नाही. रविवारी मी स्टेशनवर असेन. एकटाच असेन.

तुमचा दीर,
तुम्ही अजून म्हणू दिलंत तर