सरदाराची मिशी

सर्वेशदादा,

नाहूरच्या मैदानात दर रविवारी आपण मावळे होऊन जुन्या लढाया उभ्या करायचो. तू सरदार, मी तुझ्यामागे भाला धरून.

बाबा गेले तेव्हा मी मुकाट न्हाव्यापुढे बसलो. तू मिशीवर हात ठेवून म्हणालास, "रविवारी शो आहे रे, सरदार बिनमिशीचा कसा चालेल?" थोरला असून बाजूला राहिलास. अग्नी मी दिला.

आणि त्या रविवारी मलाच बाहेर काढलंस, का तर चकोट मावळा शोभत नाही! लढाईत तू धारातीर्थी पडलास, बघणारे रडले म्हणे. घरी आई सुतकात बसली होती.

हे पत्र पाठवणार नाही. आई म्हणते, थोरल्याला दुखवू नकोस.

पण माझी मिशी आलीय आता. पुढच्या लढाईत मला गनिमाच्या बाजूने उभं कर. घाबरू नकोस, तलवार लाकडीच असेल.

बाबांचा धाकटा,
सुशांत