शून्य नंबरचा पॉलिश पेपर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, तोंडावर रुमाल धरून. भावोजींची पाठ आता कशी आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून. माझं तोंड सध्या कुणाला दाखवण्याजोगं राहिलेलं नाही. (हे शब्दशः घे. एरवीच्या अर्थाने ते कधीच नव्हतं, असं आमची ही म्हणते.)

त्याचं असं झालं. तुझी बबडी शिकायला आमच्याकडे राहिली आहे खरी, पण पोरगी गालावर केस ओढून जेवते. मुरमं! कॉलेजच्या नाटकात मुख्य काम मिळालं, तर मागच्या आठवड्यात म्हणाली, सोडते मी ते. आता तुझा भाऊ पडला रंगारी; भिंती गुळगुळीत करण्यात उभा जन्म गेला. तिला म्हटलं, फुगवटे आलेली भिंत आणि मुरमं आलेला गाल यांत फरक तो काय? आधी घासायचं, मग भरायचं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला चेवच आला. म्हटलं, थांब, आधी माझ्यावर करून दाखवतो. (धुळीघामाने माझ्या हनुवटीवरही चार-दोन पुटकुळ्या कायम असतात.) मोरीत गेलो आणि कपाटांची दारं घासायला वापरतो तो शून्य नंबरचा, अगदी मऊ पॉलिश पेपर घेऊन हनुवटी घासली. वर लिंबू पिळलं. (तेव्हा जो आवाज झाला तो माझाच.) मग पुट्टी म्हणून टूथपेस्ट थापली आणि वाळू दिली.

सकाळी आरशात भलताच माणूस. लालभडक, सुजलेला, जागोजागी पू. तसाच कामावर गेलो. ज्यांचं घर रंगवतोय त्या बाई रोज हातात चहा देतात, त्यांनी कप लांबूनच खिडकीत ठेवला आणि विचारलं, हे पसरत नाही ना? रंगाच्या दुकानदाराने तीन उपाय सांगितले, लिफ्टवाल्याने चौथा. डोळ्यांत बघून कुणी बोलेना, सगळे हनुवटीशीच बोलत होते. मग मीही दिवसभर भिंतीकडे तोंड करून उत्तरं दिली. एका दिवसात इतका शरमलो की घरी जाऊन कडी लावून बसावंसं वाटलं. आणि आपली पोर हे वर्षभर सोसतेय ताई, तेही चहाचा कप कुणी असा लांब ठेवला तर वरवर हसून.

घरी बबडीने मला पाहिलं आणि पोट धरधरून हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मग हाताला धरून मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. (मी तिला कितीदा चल म्हटलं होतं, गेली नव्हती. माझ्यासाठी गेली.) बाईंनी विचारलं, कशाने घासलंत? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. माझं ते मुरूम नसून निव्वळ जखम आहे म्हणाल्या, आणि मग बबडीला खुर्चीत बसवलं. ताई, मला वाटायचं मुरूम म्हणजे मुरूम. तसं नाही. काळी टोकं म्हणजे मळ नव्हे, छिद्रात साचलेलं तेल आणि मेलेली कातडी उघड्यावर काळी पडते. पांढरी टोकं म्हणजे तेच, पण तोंड बंद. या दोघांना रात्रीचा मलम पुरतो. लाल आणि पुवाच्या पुळ्या सुजेच्या, त्यांचा मलम वेगळा. आणि बबडीच्या जबड्यावर आहेत त्या खोल, दुखऱ्या गाठी. त्या अंगावर काढल्या तर खड्डे पडतात, म्हणून तिला पोटातूनही गोळ्या दिल्यात. चेहरा सौम्य साबणाने धुवायचा, घासायचं नाही, फोडायचं नाही, आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. आतून ओल असलेल्या भिंतीला वरून पुट्टी भरत नाहीत, हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं!

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू भरतकाम करून दिलेला उशीचा निळा अभ्रा बबडीच्या मलमाने ठिकठिकाणी पांढरा झालाय. मलमाचा गुणच तसा आहे म्हणे. मी रंगारी असून मला तो रंग परत चढवता आला नाही, माफ कर.

ता. क. दुसरा : पत्र खरं तर यासाठी लिहिलं. बबडी नाटक सोडत नाहीये. मुरमं अजून आहेत तशीच आहेत, तरी रोज तालमीला जाते. तू नाटकाला येशीलच. फोनवर तिला तुझा पहिला प्रश्न असतो, मुरमं गेली का गं? त्यानंतर ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवते. तेव्हा आल्या आल्या आधी दुसरं काहीही विचार, नाटकाचं विचार. हनुवटी धरून उजेडाकडे वळवून बघायची तुझी सवय मला ठाऊक आहे. अगदीच राहवलं नाही तर माझी धर.