पेशीपटल आणि हिच्या गोळ्या

४ जून
हिचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. कोलेस्टेरॉल म्हणजे जणू विषच, असं बोलत होते. तेही सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसासमोर! मी गप्प राहिलो. मनाचा मोठेपणा.

५ जून, चहानंतर
हिला नीट समजावलं. पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून ते उष्णतेत सैल पडत नाही की थंडीत ताठरत नाही. मेंदूला तर ते हवंच. ही म्हणाली, अहो, पण डॉक्टरांना हे ठाऊक नसेल का? म्हटलं, त्यांनी पाठ केलंय, मला कळलंय.
गोळ्या बंद. संकल्प : दोघांनी रोज अर्धा तास चालणे. तीन महिन्यांत आकडा उतरवून रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवणार.

२ जुलै
चालणे : एकूण दोन दिवस. पेपर तपासायचे होते.

११ ऑगस्ट
मुलीचा फोन. आई, गोळ्या घेतेस ना? ही माझ्याकडे बघत हो म्हणाली. विश्वास म्हणतात तो हाच.

३० सप्टेंबर
रक्त तपासायचं राहिलंय. सोमवारी नक्की.

१४ ऑक्टोबर, हॉस्पिटल
सकाळी हिच्या हातून कप पडला. मी खेकसलो. मग तोंड वाकडं झालेलं दिसलं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली म्हणे. उजवा हात उचलवत नाही.

१५ ऑक्टोबर
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी तोंड उघडायच्या आत ही अडखळत म्हणाली, मीच... विसरायचे. मी मान डोलावली. हिचं हे असंच, असंही म्हणालो.

१६ ऑक्टोबर
डॉक्टरांकडे पेशीपटलाचा विषय काढला. सहज म्हणून. ते म्हणाले, सर, पेशी आपल्यापुरतं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवते की! गोळीनं रक्तातलं जास्तीचं कमी होतं.
हे मी दरवर्षी शिकवतो.
गोळ्यांनी हे टळलंच असतं असं छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाले. हे लगेच लिहून घेतलं.

२ नोव्हेंबर
हिला घरी आणलं. मुलगी हिच्यावर चिडली. एवढी साधी गोष्ट कशी गं विसरतेस? मी शेजारीच उभा होतो. उद्या तिला सगळं सांगणार.

३ नोव्हेंबर
मुलगी कामात होती.

९ नोव्हेंबर
मुलगी आज परत गेली. जाताना गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, आईच्या भरवशावर राहू नका, तुम्हीच देत जा.
ही खाली बघत होती.
मी हो म्हणालो.