जरा इथवरच

अहो दुभाषीसाहेब,

वरच्या मजल्यावर जपानी बाई राहायला आल्या, तेव्हा जिन्यात दोन शब्द बोलता यावेत म्हणून तुम्हीच मला शिकवलंत. त्या विचारतील, "ओदेकाके देस का?" म्हणजे, बाहेर निघालात वाटतं? आपण हसून म्हणायचं, "चोत्तो सोको मादे." जरा इथवरच. "कुठे ते आपण सांगायचं नसतं, आणि त्यांनीही खोदून विचारायचं नसतं. ती नुसती बोलायची रीत," असं म्हणाला होतात.

मी ते जिन्यापुरतं शिकले. तुम्ही मात्र घरात आणलंत. दर रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कुठे म्हटलं की "जरा इथवरच." भाजी आणायला जाताना कुणी अत्तर लावतं का हो? पुढे विचारलं, की "तुझा स्वभावच संशयी," म्हणून मोकळे!

म्हणून काल मीच मोठी बॅग घेऊन दारात चपला घातल्या. तुम्ही पेपरातून डोकं वर काढलंत. "बाहेर?"

"चोत्तो सोको मादे," मी म्हटलं.

वाटलं, आता तरी उठाल, एवढी बॅग कशाला म्हणून ओरडाल. तुम्ही हसून जपानी पद्धतीनं मान लववलीत आणि पेपराचं पान उलटलंत.

बॅग रिकामी होती हो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परतणार होते.

आता ताईकडे बसून हे लिहितेय, पण पाठवणार नाही. पाकिटावरून पत्ता कळेल, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

जरा इथवरच आलेली,
तुमची बायको