चीक तेलाने सुटतो

आई, आज संध्याकाळी लेक खेळून घरी आली ती केसांत वडाचा चीक घेऊन. आम्ही आता कोलार रोडला राहतो, हे घर तू पाहिलेलं नाहीस. कॉलनीच्या मैदानाकडेला एक वड आहे. त्याची ताजी पानं तोडून ती आणि तिची मैत्रीण डोक्यावर मुकुट करत बसल्या होत्या, आणि देठांतून गळलेला पांढरा चीक केसांतच वाळला. "मम्मी, काटना मत हां," दारातूनच ओरडली. मी कात्रीचं नावही काढलं नव्हतं. पण तिला तुझी ती गोष्ट ठाऊक आहे. तू गेलीस तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तुझ्याबद्दल तिला ज्या चार गोष्टी माहीत आहेत त्यांतली ही पहिली, आणि ती मीच सांगितलेली.

तिला स्टुलावर बसवलं, खोबरेल कोमट करून चिकाच्या गाठींवर थापलं आणि थोडा वेळ मुरू दिलं. मग एकेक बट चिमटीत धरून चोळत बसले. आधी काहीच होईना. मग एक गाठ बोटांत मऊ पडली, तेलावरून घसरत केसाच्या टोकापर्यंत आली आणि निघाली. दीड तास लागला. ती रडली, दोनदा उठून पळाली, माझाही आवाज चढला. पण चीक सगळा सुटला. एकही केस कापावा लागला नाही. आणि मी तेलकट हात तसेच धरून उभी राहिले. एवढंच होतं तर तू माझे का कापलेस?

मी नऊ वर्षांची आहे. आनंद नगरचं आपलं घर, मागे उंबर. उंबरावर चढायचं नाही, असं तू बजावलेलं. शाळेच्या वार्षिकोत्सवाला चार दिवस उरलेत आणि नाचात मला पुढे घेतलंय ते कमरेपर्यंतच्या केसांमुळे. मी फांदी मोडून, डोकं चिकाने भरवून स्वयंपाकघरात येते. तू पोळ्या करते आहेस. गॅस बंद करतेस, "सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणतेस आणि कात्री घेतेस. पुढचं आठवतं ते मानेला लागलेलं गार पातं. नाचात मला मागच्या रांगेत उभं केलं. हे सगळं इतकं लख्ख आहे की पोळपाटावरची अर्धी लाटलेली पोळीसुद्धा दिसते.

हात तेलाचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून इंदूरला ताईला विचारलं, "ताई, आईला तेव्हा तेल लावायचं सुचलं नसेल का गं?"

"आईला?" ताई हसली. "अगं, दुपारभर तेलच तर लावत होती. तूच डोक्याला हात लावू देत नव्हतीस. तेल संपलं म्हणून ती शेजारी मागायला गेली, तेवढ्यात तू बाथरूममध्ये जाऊन एका बाजूचे केस कापून टाकलेस."

"मी?"

"मग कोण? आई वाटी घेऊन आली आणि तुला बघून उंबऱ्यातच बसली. नंतर दुसरी बाजू सारखी केली तिने. तेवढीच कात्री तुझ्या लक्षात राहिलीय."

आता काय खरं मानू? ताई म्हणते ते झाड उंबर नव्हतं, आंबा होता. आपल्याकडे आंबा नव्हताच. ती म्हणते बाबा घरी होते, आणि मला पक्कं आठवतं की ते गोविंदपुऱ्याला कामावर गेले होते. दोन गोष्टी तिच्या चुकल्या, मग तिसरी बरोबर असेल कशी? पण फोन ठेवल्यापासून मला एक टॉवेल दिसतोय, खांद्यावर घातलेला, खोबरेलाने जड झालेला. तो तेव्हाचा, की लेकीच्या खांद्यावरचाच मी उचलून तिथे नेलाय? बाथरूमचं दार आठवून पाहते. ते बंद आहे, एवढंच दिसतं. आत मी आहे की नाही, कळत नाही.

आणि ताईचं खरं असेल, तर पुढच्या वर्षांचं काय करू? त्या दिवसानंतर मी तुला कधी वेणी घालू दिली नाही. तू फणी घेऊन मागे उभी राहायचीस आणि मी म्हणायचे, "दे, माझं मी करते." तू फणी देऊन आत जायचीस. लग्नाच्या दिवशीसुद्धा गजरा मी मैत्रिणीकडून माळून घेतला. तू एकदाही म्हणाली नाहीस की अगं, तूच कापले होतेस. का नाही म्हणालीस? मी विसरले असेन असं तुला वाटलं, की मला आठवतंय आणि तरी मी अशी वागतेय असं वाटलं? हे विचारायला आता कुणी नाही. म्हणून लिहिते आहे, आणि लिहून कुठे पाठवायचं तेही नाही.

लेकीने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, "मम्मी, मतलब आजीने नहीं काटे थे?"

मी तिला म्हटलं, "जेव आधी, भात गार होतोय."