फिल्टर अजून थोडा उघडू

सोमवार, २ सप्टेंबर
आजपासून नियमित लिहिणार. मोठे कलाकार लिहितात.
निश्चय: सिंथेसायझरमधले तयार आवाज बंद. तेच ऑर्गन, तेच व्हायोलिन आमच्या सवाईई बेटावरच्या प्रत्येक चर्चमध्ये वाजतं. यंदा ऑक्टोबरात व्हाइट संडेला, मुलांच्या सणाला, मुलं पांढरे कपडे घालून उभी राहतील, तेव्हा मी स्वतः घडवलेला आवाज वाजेल. खाली शंख, वर घंटा. लोक विचारतील, हे काय आहे? मी सांगेन, हा मी, लाफाएले.

गुरुवार, ५ सप्टेंबर
शंख जमला. घंटा जमेना. उशीखालून आल्यासारखी येते. उंच सूर गाळणारा फिल्टर अर्ध्याहून जास्त उघडला, तेव्हा कुठे जरा धार आली. समुद्राची हवा मशीनला खाते आहे, दुसरं काही नाही.
मरेताला ऐकवलं. कॉयरमध्ये तिच्याइतका उंच सूर कोणाचा नाही, पण बायकोला पारख असतेच असं नाही. दातात कळ आली म्हणाली आणि तारोचे कंद सोलायला निघून गेली.
सेव्ह केला. नाव: घंटा १.

मंगळवार, १० सप्टेंबर
हेडफोन बिघडले. उजवी बाजू बंद. उलटे घालून पाहिले, तरी उजवीकडेच बंद. म्हणजे बिघाड जागा बदलतो. असं यंत्र मी आजवर पाहिलं नाही. खिळ्याला टांगून ठेवले.

बुधवार, १८ सप्टेंबर
कॉयरची तालीम. माझा भाचा इयेलेमिया हल्ली कॉयर चालवतो. म्हणे, मामा, आवाज जरा गोड करा. गोड! पोराला मी मांडीवर बसवून पहिला सूर दाखवला होता.
एक वाईट गोष्ट लक्षात आली. मरेताचा सूर गेला. तोंड उघडते, हनुवटी वर करते, पुढे काही नाही. वय. इयेलेमियाला बाजूला घेऊन सांगितलं, मामीला मागच्या रांगेत घाल, पण तिला लागेल असं बोलू नकोस.
 तो कानाशी येऊन म्हणाला, "मामा, परवाच्या रविवारी मामीनं सूर लावला तेव्हा अख्खं चर्च रडत होतं."
नात्यातली माणसं. सांभाळून घेणारच.

शनिवार, २१ सप्टेंबर
ऑकलंडहून मुलीचा, पुआलेलेचा फोन. लग्न होऊन तिकडे गेल्यापासून पोरगी पुटपुटायला लागली आहे. फोन मरेताला दिला. मरेताने सांगितलं, कान तपासून घ्या म्हणते, पलीकडच्या बेटावर आपियाच्या हॉस्पिटलात तिची मैत्रीण आहे. कान! ज्या माणसाचं पोट कानावर चाललं त्याचे! व्हाइट संडेनंतर बघू म्हटलं. म्हणजे विषय संपला.
घंटा ९. फिल्टर पूर्ण उघडा. ट्रेबल वेगळी वाढवली. आता थोडी ऐकू येते.

रविवार, १३ ऑक्टोबर
वाजवली.
पहिल्या ओळीलाच परिणाम दिसला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी कानावर हात ठेवले, काही रडायला लागली. पास्टरबाईंचे डोळे भरून आले. इयेलेमिया धावत आला, हातवारे करून काही म्हणाला. आवाज पुरत नसणार. वाढवला.
नेमकी तेव्हाच वीज गेली. पंखे मात्र फिरत होते. त्यांची लाइन वेगळी असावी. इयेलेमिया प्लगजवळ उभा होता, वायर हातात घेऊन. बिचारा दुरुस्त करायला गेला असेल.
घरी जेवताना कोणी बोललं नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर
पास्टर घरी आले. पायरीवर बसून कोको घेतला. काही रविवार कॉयर वाद्याशिवायच गाईल म्हणाले. शब्द निसटत होते, पण मतलब कळला: मला घंटेवर काम करायला वेळ मिळावा. समजूतदार माणूस.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
मरेता भाजली.
मागच्या स्वयंपाकाच्या खोपीत घसरली, कोकोचं उकळतं पातेलं मांडीवर आणि पायावर. मी पुढच्या खोलीत घंटेच्या विरत जाणाऱ्या नादाची शेपटी लांबवत होतो. शेजारीण रस्त्यावरून धावत आली, माझ्या समोरून गेली, तेव्हा मी मान वर केली.
फेरीबोटीतून आपियाला नेली. वाटेत तिला सांगितलं, हेडफोन होते ना कानावर. तिने डोळे मिटून घेतले. हेडफोन कुठे टांगलेत ते तिला माहीत आहे.

रविवार, २० ऑक्टोबर
हॉस्पिटल. पायावर दुसरीकडची कातडी लावणार. पुआलेले विमानाने आली. माझ्याशी बोलत नाही, किंवा बोलते आहे.
तिला बाहेर पाठवून मरेताने मला जवळ ओढलं. तोंड माझ्या डाव्या कानाला लावून म्हणाली, "तुझं नाव घेऊन ओरडत होते. घसा बसेपर्यंत. शेजारचा कुत्रा आला बघ. तू नाही आलास."
पाऊस पत्र्यावर असता तर कोणालाही ऐकू आलं नसतं, असं म्हणणार होतो. त्या दिवशी पाऊस नव्हता.

मंगळवार, २९ ऑक्टोबर
तपासायला गेलो. मशीनचा दोष एकदा सिद्ध झालेला बरा.
छोटी खोली, जाड भिंती. पुआलेलेच्या मैत्रिणीने हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे चार-पाच खणखणीत ऐकले, लगेच दाबलं. मनात म्हटलं, बघ, पोरी. मग ती थांबली. काचेपलीकडे कागदावर काहीतरी करत होती. मी शहाण्यासारखा हात तयार ठेवून बसलो. तिचा चहा झाला की पुढचं सुरू करेल.
तिने येऊन हेडफोन काढले.
मी म्हटलं, मी तयार आहे, कर सुरू.
तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ मोठे करून सावकाश सांगितलं, "झालं, काका. कधीच झालं."
बाहेर व्हीलचेअरवर मरेता होती, पुआलेले मागे उभी. मरेता काहीतरी बोलली, बराच वेळ. मी मान डोलावली. तिने पुआलेलेकडे पाहिलं आणि पुन्हा सांगायचं सोडून दिलं.